चतुर्थीच्या चंद्राचा फोटो

डोळ्यांत थेंब टाकले की दहा मिनिटं डोळे मिटून पडून राहायचं असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि मनकर्णाबाई सांगितलेलं पाळणाऱ्यांपैकी होत्या. पण त्या सकाळी उशाशी फोन एकदा वाजला, पुन्हा वाजला, तिसऱ्यांदा वाजला, आणि सहाव्या की सातव्या मिनिटाला त्यांनी उजवा डोळा किलकिला केला. मोतीबिंदू काढून तीन आठवडे झाले होते. या नव्या डोळ्याला सगळंच जरा जास्त पांढरं दिसायचं, वस्तूंच्या कडा कातरीनं कापल्यासारख्या यायच्या. त्या डोळ्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला तो चंद्र. फोनच्या काळ्या पाटीवर पूर्ण भरलेला, देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखा व्रणांचा, इतका जवळ की नखानं खरवडावा. निवृत्त शिक्षिकांच्या ग्रुपवर प्रतिमाताईंनी तो एकदा नव्हे, लागोपाठ तीनदा टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘गुरुपौर्णिमेच्या शुभेच्छा. शंतनूने नवा फोन दिला. रात्री ढग फाटले तेव्हा गच्चीवरून काढला. आपल्या शाळेच्या दुर्बिणीची नेत्रिका गेली नसती, तर मुलींनाही असाच दिसला असता. असो.’

मनकर्णाबाई उठून बसल्या. थेंब गालावरून ओघळून मानेत गेले. चंद्रावरून त्यांची नजर केव्हाच सरकली होती, ती त्या ‘असो’वर येऊन थांबली होती. बाहेर बुलढाण्याची सकाळ नेहमीसारखी ओली आणि गार होती, खालच्या रस्त्यावरून दूधवाल्याची मोटारसायकल गेली, लेक समता स्वयंपाकघरात कुकर लावत होती, आणि ग्रुपवर एकेक हात जोडले जात होते, फुलं येत होती. पुष्पाबाईंनी लिहिलं, ‘लय झकास ताई.’ एकतीस जणी होत्या त्या ग्रुपवर, आणि त्यांतल्या निदान वीस जणींना ती नेत्रिका कोणाच्या नावावर गेली ते ठाऊक होतं. एकीनंही विचारलं नाही की ताई, आज हे काऊन काढलं. मनकर्णाबाईंनी उत्तर लिहायला घेतलं, चार शब्द लिहिले, पुसले. एकोणचाळीस वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. तोंड उघडलं होतं आणि शब्द आले नव्हते, कारण जे शब्द आले ते वऱ्हाडी होते, आणि वऱ्हाडीत स्वतःची बाजू मांडली की शिक्षकांच्या खोलीत दोघीतिघी गालात हसायच्या.

शेपटीवाला तारा आला होता ते वर्ष. त्या ताऱ्याच्या निमित्तानं मेहकरच्या त्यांच्या शाळेला कुणा दात्यानं एक दुर्बीण दिली, पितळी, जुनी, तिवईसकट. तारा कुणाला धड दिसला नाही, पण दुर्बीण राहिली, आणि ती विज्ञानाच्या बाईंच्या, म्हणजे मनकर्णाबाईंच्या ताब्यात आली. जानेफळच्या शेतकऱ्याची मुलगी, घरातली पहिली शिकलेली, वय चौतीस. त्यांना त्या दुर्बिणीचं वेड लागलं म्हणायला हरकत नाही. डोळा लावायची ती बोटभर भिंगाची नळी, नेत्रिका, त्या मऊ फडक्यात गुंडाळून स्वतः कपाटात ठेवायच्या, लहान मुलाला दुपट्यात ठेवावं तशी. आणि त्या भाद्रपदात त्यांच्या डोक्यात आलं की पोरींना चतुर्थीचाच चंद्र दाखवायचा. गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला की चोरीचा खोटा आळ येतो म्हणतात, येऊ दे. पाहिल्यानं काही होत नाही हे पुस्तकातून सांगून कळत नाही, पाहूनच कळतं. बावीस मुली आल्या होत्या शाळेच्या गच्चीवर. पश्चिमेला कोर होती, काकडीच्या फोडीएवढी. पहिली मुलगी पुढे होईना. मग मनकर्णाबाईंनी स्वतः डोळा लावला, पोटभर पाहिलं, आणि म्हणाल्या, चला, मले काही झालं का? मुली हसल्या. एकेक करून बावीसजणींनी पाहिलं. दुर्बिणीत चंद्र उलटा दिसतो, त्याची मुलींना फार मौज वाटली. ती संध्याकाळ त्यांच्या आयुष्यातली फार चांगली संध्याकाळ होती. हे आता उघड कबूल करायला हरकत नाही. लग्नाच्या दिवसापेक्षा चांगली होती.

गणपतीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा नेत्रिका कपाटात नव्हती. फडकं होतं, नीट घडी घातलेलं. चहाच्या सुट्टीत सगळ्या शिक्षिका बसल्या होत्या आणि प्रतिमाताई, ज्या पुढे दोनच महिन्यांनी पर्यवेक्षिका व्हायच्या होत्या आणि त्या जागेसाठी मनकर्णाबाईंचंही नाव होतं, त्या कपात साखर ढवळत अगदी हळू म्हणाल्या, ‘मनकर्णाबाईंच्या पिशवीत असेल, चुकून. खेड्यात अशा वस्तूंचं अप्रूप असतं हो.’ ते ‘चुकून’ त्यांनी असं म्हटलं की जशी माफीही आधीच करून ठेवली होती. पिशवी टेबलावर उपडी झाली. ती कोणी केली हे मनकर्णाबाईंना कितीदा आठवायचा प्रयत्न करूनही आठवत नाही, कदाचित स्वतःच केली असेल. भाकरीचा डबा, ठेच्याची बाटली, लाल शाईची दौत, आठवीतल्या एका मुलीची वही, केसांचं गंगावन. गंगावन पाहून एकजण हसली. नेत्रिका पिशवीत नव्हती, म्हणजे ती घरी नेली होती. असाच हिशेब झाला. संस्थेनं ठपक्याचा कागद दिला नाही, चौकशी केली नाही, फक्त दिवाळीनंतर धाड गावातल्या शाखेत बदली केली, आणि मनकर्णाबाई बिऱ्हाड बुलढाण्याला हलवून एकोणीस वर्षं तिथून धाडला जात राहिल्या, एसटीनं, एसटी चुकली की जीपच्या मागच्या फळीवर, बाजाराच्या दिवशी कोंबड्यांच्या टोपल्या मांडीवर घेऊन.

पण बदलीचं त्यांना तितकं नव्हतं. धाडची पोरं चांगली होती. त्यांना खुपलं ते वेगळंच. गावात जो तो म्हणायला लागला, पाहिलंत, चतुर्थीचा चंद्र पाहिला आन आठवड्यात आळ आला. ज्या गोष्टीचं खोटेपण दाखवायला त्या गच्चीवर चढल्या होत्या, त्याच गोष्टीचा पुरावा होऊन त्या गच्चीवरून उतरल्या. बावीस मुलींच्या बावीस घरांत त्यांचं नाव दृष्टांतासारखं सांगितलं गेलं, आणि अजूनही कुठे कुठे सांगितलं जात असेल, की आमच्या शाळेत एक बाई होत्या. पुढच्या वर्षीच्या चतुर्थीला त्यांची स्वतःची समता, आठ वर्षांची, अंगणात आली आणि तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. मनकर्णाबाईंनी तिचे हात ओढून काढले नाहीत. त्यांना तेवढं बळच राहिलं नव्हतं. आणि त्याच्याही आधी, बदलीचा कागद आला त्या संध्याकाळी, त्यांचे यजमान उत्तमराव, पंचायत समितीत बाबू, सरळ माणूस, पायातले बूट काढता काढता म्हणाले होते, ‘मी कोणाले सांगणार नाही. पन मले खरं सांग. तू नेलं तर नाही ना?’

या माणसाचा सूड मनकर्णाबाईंनी घेतला होता, आणि त्याचा पत्ता उत्तमरावांना शेवटपर्यंत लागला नाही. झालं असं की सतरा वर्षांनी शाळेचा जुना शिपाई कारभारी सुलतानपूरला आजारी पडला, फार दिवसांचा सोबती नव्हता, आणि त्यानं निरोप धाडून बाईंना बोलावून घेतलं. खाटेवर पडल्यापडल्या त्यानं सांगितलं की ती भिंगाची नळी त्यानंच फोडली. कपाट पुसताना फडक्यातून निसटली, दगडी पायरीवर पडली, काचेचा भुगा झाला. त्यानं तो गोळा करून शाळेमागच्या विहिरीत टाकला आणि फडक्याची घडी घालून ठेवली. ‘बाई, मले वाटलं दोन दिवसांत मिटून जाईन,’ तो म्हणाला. ‘मंग तुमचं नाव आलं. मंग मी भेलो.’ मनकर्णाबाईंनी त्याला मोसंबी सोलून दिली. त्याच्यावर राग आला नाही. त्याच्या हातून एक वस्तू पडली होती, नोकरीच्या भीतीनं तो गप्प बसला होता, यात राग येण्यासारखं काय. एसटीत बसल्यावर मात्र त्यांना आनंद झाला, की आता घरी जाऊन सांगायचं. घरी उत्तमराव जेवत होते. त्यांनी ताटातून वर पाहिलं आणि प्रेमानंच विचारलं, आज उशीर झाला, दमली का? आणि मनकर्णाबाईंना एकाएकी वाटलं की हे सांगितलं तर या माणसाला बरं वाटेल. सतरा वर्षं जो खडा याच्या मनात असेल तो निघून जाईल, आणि हा रात्री सुखानं झोपेल. त्याला बरं वाटावं असं त्यांना वाटेना. त्यांनी भाजी वाढली. पुढे उत्तमराव अकरा वर्षं जगले, आणि तो खडा घेऊनच गेले. दिवसकार्यात रडताना मनकर्णाबाईंच्या मनात एक गार, टणक, स्वच्छ जागा होती, आणि त्या जागेला त्यांनी कधी हात लावून पाहिला नाही.

आता त्या जागेला फोनमधला चंद्र लागला होता. तिसऱ्या दिवशी समताला म्हणाल्या, ‘मले चंद्राचा फोटो निघते तसा फोन पाहिजे.’ समता हसली. आई, तुला व्हिडिओ कॉल आला की कानाला लावतेस तू फोन, असं काहीतरी म्हणाली. पण तिचाच फोन तसा होता, लांबचं जवळ आणणारा, आणि आईनं नवऱ्याच्या मागे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काही मागितलं होतं, म्हणून तिनं तो आईला दिला आणि स्वतः आईचा घेतला. दिनदर्शिका भिंतीवरच होती. मनकर्णाबाईंनी मोजलं. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला सात आठवडे होते. चतुर्थीचा चंद्र पाहिल्यानं काही होतं यावर त्यांचा विश्वास नव्हता, एवढं सोसूनही नव्हता, हा त्यांचा एक अभिमान होता. पण प्रतिमाताईंचा होता. त्या संध्याकाळी प्रतिमाताई पश्चिमेच्या खिडक्यांना चादरी लावतात, हे सगळ्या ग्रुपला ठाऊक होतं, त्या दरवर्षी लिहायच्याही, ‘आरतीला या, येताना खाली बघून या.’ तर तो चंद्र त्यांच्या हातात द्यायचा. मग वर्षभर ती बाई वाट पाहील. दाराची घंटी वाजली की दचकेल, बँकेत सही जुळली नाही की दचकेल, कुणाच्या घरून परतताना मागे वळून पाहील की काही राहिलं तर नाही, काही आलं तर नाही. ती काहीही न होता वाट पाहील, आणि हीच तर शिक्षा असते. मनकर्णाबाईंना ती तोंडपाठ होती.

मग त्या रोज गच्चीवर जाऊ लागल्या. फोटो काढणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी फोनमध्ये चंद्र आला तो ताकाचा थेंब सांडल्यासारखा, नुसता पांढरा ढब्बा. मोठा करावा तर निसटून जायचा, काळ्या आभाळात शोधत बसावं लागायचं, आणि सापडला की थरथरायचा. श्वास रोखला तरी थरथरायचा. मग कळलं की ती आपल्या मनगटातली नाडी आहे. छातीतला ठोका सव्वा लाख कोसांवरच्या चंद्राला हलवत होता, आणि मनकर्णाबाईंना एक क्षण स्वतःविषयी आदर वाटला. कठड्यावर पितळी तांब्या, तांब्यावर तांदळाची लहान पिशवी, तिच्या खोलगटीत फोन, असं आसन त्यांनी तयार केलं. चंद्रावर बोट टेकायचं, बाजूला जो छोटा सूर्य येतो तो खाली ओढायचा, म्हणजे उजेड मरतो आणि डाग वर येतात. बोटाचा धक्का लागू नये म्हणून तीन सेकंदांनी आपोआप निघेल असं लावायचं, आणि हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. आठवडाभरात त्यांना सकाळचा चंद्रही काढता येऊ लागला, शाळेत निघालेल्या पोरांच्या वेळचा, निळ्या आभाळात विरघळत चाललेला. शेजारच्या गच्चीवरून कपडे वाळत घालणारी बाई विचारायची, काकू, काय करून राह्यल्या. त्या म्हणायच्या, अभ्यास.

आणि अभ्यासात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. राखीपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी चंद्रावर पातळ ढग होता, नुसत्या डोळ्यांना एकही डाग दिसत नव्हता, पडद्यावरही धूसर वाटोळं दिसत होतं. फोटो निघाला, क्षणभर तो तसाच धूसर होता, आणि मग पाहतापाहता त्यात डाग उमटले. ढग नाहीसा झाला. त्यांनी वर पाहिलं, ढग होता. पुन्हा काढला, पुन्हा तेच. मनकर्णाबाई तांब्याशेजारी बसल्या आणि त्यांना हसू आलं. फोनला चंद्र पाठ होता. समोर जे आहे ते त्याला दिसत नव्हतं, पण एवढं वाटोळं, एवढं पांढरं, आभाळात, म्हणजे चंद्रच, आणि चंद्र म्हणजे अमुक डाग अमुक ठिकाणी, असं त्याला शिकवून ठेवलं होतं, आणि तो धडाधड उत्तर लिहीत होता. वर्गात अशी मुलं असायची. प्रश्न अर्धा वाचून पाठ केलेलं लिहून मोकळी व्हायची, आणि गुण त्यांनाच जास्त मिळायचे. म्हणजे प्रतिमाताईंचा तो नखानं खरवडण्याजोगा चंद्रसुद्धा असाच. ग्रुपवर हे लिहावं असं त्यांच्या फार मनात आलं. पण ते फार थोडकं झालं असतं. त्यांना प्रतिमाताईंचा फोटो खोटा ठरवायचा नव्हता.

चतुर्थीला दुपारभर पाऊस भुरभुरत होता. संध्याकाळी सहाला मनकर्णाबाई गच्चीवर जाऊन बसल्या, डोक्यावर पदर घेऊन. घराघरांतून आरतीच्या टाळांचा आवाज येत होता. रस्त्यावर माणसं मान खाली घालून चालली होती, एकीनं तर ऊन नाही पाऊस नाही तरी छत्री उघडून पश्चिमेकडे आडवी धरली होती. सगळं गाव एका गोष्टीकडे पाहत नव्हतं, आणि त्या गावात आपण एकट्याच तिची वाट पाहत आहोत याचं त्यांना विचित्र सुख वाटलं. सात वाजून गेले आणि ढगांच्या खालच्या काठाला एक फट पडली. कोर होती. त्यांनी हात मागे बांधले. तीन, दोन, एक. त्यांनी फोटो पाहिला. कोरीच्या आतल्या काठाला तीच खडबडीत खळगी होती, एकोणचाळीस वर्षांपूर्वीची, फक्त आता सरळ. ही खरी की फोननं पाठ म्हटलेली, ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी नवं लुगडं नेसलं आणि प्रतिमाताईंच्या घरी गेल्या. निवृत्त झाल्यावर प्रतिमाताईही बुलढाण्यालाच राहायला आल्या होत्या, इतकी वर्षं दोन गल्ल्यांचं अंतर, आणि त्या घराचा उंबरा त्यांनी आज पहिल्यांदा ओलांडला.

आरती नुकतीच झाली होती. सहासात जुन्या शिक्षिका सतरंजीवर बसल्या होत्या, पश्चिमेच्या दोन्ही खिडक्यांना फुलाफुलांच्या चादरी खिळ्यांना अडकवल्या होत्या. प्रतिमाताईंना पाहून मनकर्णाबाई क्षणभर थबकल्या. मनात वागवलेली ती बाई अडतीस वर्षांची होती, उंच, कलफ केलेल्या सुती साडीतली. खुर्चीत बसली होती ती म्हातारी, गळ्याची हाडं वर आलेली. ‘मनकर्णा,’ त्या म्हणाल्या, ‘आलीस. किती वर्षं बोलवत होते.’ शंतनूनं, त्यांच्या मुलानं, वाकून नमस्कार केला आणि हातावर मोदक ठेवला. पुष्पाबाई सरकून जागा देत म्हणाल्या की आज सूर्य कोणीकडून उगवला. ख्यालीखुशाली झाली, कोणाचे गुडघे, कोणाची साखर. मग मनकर्णाबाईंनी फोन काढला आणि त्या वऱ्हाडीतच बोलल्या, मुद्दाम.

‘तुम्हाले चंद्राची आवड लागली म्हनते, ताई. मी बी काढला एक. पाहा.’

प्रतिमाताईंनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी नेला. ‘किती नाजूक कोर. कधीची गं ही?’

‘आजची. सात वाजून दहा मिनिटांची.’

पुष्पाबाई म्हणाल्या, अव माय. मनकर्णाबाई प्रतिमाताईंच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या, त्या नव्या, कडा कापणाऱ्या डोळ्यानं, एक सुरकुती सुटू नये म्हणून. आणि तो चेहरा हसला. ‘फोटोतला चालतो,’ प्रतिमाताई म्हणाल्या. ‘मी गुरुजींना विचारून घेतलंय गेल्या वर्षीच. हल्ली फोनवर कोण काय पाठवील नेम नाही, तर ते म्हणाले, फोटोतल्याचा दोष नाही.’ त्यांनी दोन बोटांनी चंद्र मोठा केला, कौतुकानं, लहान मुलाचं तोंड कुरवाळावं तसा. ‘माझा इतका छान येत नाही. मला शिकवशील?’

सात आठवडे. तांब्या, तांदूळ, मागे बांधलेले हात. मनकर्णाबाईंना वाटलं की आपण आत्ता मोठ्यानं हसू किंवा हा मोदक भिंतीवर फेकू. यातलं काही झालं नाही. त्या सतरंजीवर बसून राहिल्या, आणि त्यांच्या मनात एक साधी गोष्ट आली, इतकी साधी की ती इतकी वर्षं कशी सुचली नाही याचं नवल वाटावं. आळ चंद्रातून पडत नाही. तो कोणीतरी तोंडानं घ्यावा लागतो. त्या दिवशीही चंद्रानं काही केलं नव्हतं, एका बाईनं कपात साखर ढवळत एक वाक्य म्हटलं होतं. आणि आळ खोटाच हवा. कारभारीचं नाव सांगून आज त्यांना स्वतःला धुऊन घेता आलं असतं, सगळ्यांनी अरेरे म्हटलं असतं, प्रतिमाताईंनीही म्हटलं असतं आणि मग मोदकावर तूप घेतलं असतं. प्रतिमाताईंनी चोरी केली नव्हती हे जगात आता त्यांच्याखेरीज फक्त एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते माणूस म्हणजे आपण. यापेक्षा चांगलं हत्यार नव्हतं.

‘ताई,’ त्या म्हणाल्या, अगदी हळू. ‘ती नेत्रिका तुमच्या पर्समंधी होती. ती तपकिरी पर्स, पितळी खटक्याची. तुम्ही डबा काढाले उघडली तवा मी पाह्यली होती. मी बोलली नाही. म्हटलं, मोठ्या घरची बाई हाय, चुकून आली असन.’

पर्स होतीच तसली, सगळ्यांना आठवत होती, तिचा खटका वाजायचा तोही. मनकर्णाबाईंनी उत्तरं तयार ठेवली होती, कुणी म्हणेल हे काय बोलता, कुणी म्हणेल इतक्या वर्षांनी का. पण पुष्पाबाईंनी मोदक ताटलीत ठेवला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, ‘मले तवाच वाटलं होतं.’ आणि पुढे म्हणाल्या की त्या दिवशी ताई दुपारून लवकर घरी गेल्या होत्या, पर्स अशी काखेत गच्च धरून, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या एकीनं मान हलवली. ती म्हणाली, पर्स फुगलेली होती खरी. मनकर्णाबाईंना गच्चीवरचा फोन आठवला. आपण एवढंसं वाटोळं समोर धरलं होतं, आणि या बायका त्यात डाग भरत होत्या, अमुक ठिकाणी अमुक, आणि त्यांतली एकही खोटं बोलत नव्हती.

शंतनू दारात उभा होता, हातात तूप. ‘आई?’ तो म्हणाला. एवढंच म्हणाला. मनकर्णाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पाहायची गरजच नव्हती, त्या शब्दाची चव त्यांना ठाऊक होती. जे हवं होतं ते पुरेपूर मिळालं होतं, मापानं, काठोकाठ. आता प्रतिमाताई चिडतील, रडतील, शपथा घालतील, गणपतीवर हात ठेवतील. आणि शपथ घातली की माणूस आणखी संशयात येतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्या वाट पाहू लागल्या.

प्रतिमाताई चिडल्या नाहीत. त्या फोनकडेच पाहत होत्या, पडदा विझून काळा झाला होता तरी. मग त्यांनी मान वर केली, आणि खोलीतल्या सगळ्यांना सोडून मनकर्णाबाईंनाच विचारलं, शाळेतली मुलगी बाईंना विचारते तसं.

‘मी नेली होती का गं?’

‘आई, तू काहीतरी काय,’ शंतनू म्हणाला. त्यांनी त्याला हातानं थांबवलं.

‘मला हल्ली धड आठवत नाही रे. मागल्या महिन्यात निरांजन तांदळाच्या डब्यात सापडलं, मीच ठेवलं असणार. तुला सगळं आठवतं, मनकर्णा. तुझी स्मरणशक्ती पहिल्यापासून चांगली. मी नेली होती?’

कारभारीचं नाव मनकर्णाबाईंच्या जिभेच्या टोकाशी आलं. विहिरीतला काचेचा भुगा आला, दगडी पायरी आली. पुढे फक्त तोंड उघडायचं होतं. समोर ते दोन डोळे होते, पातळ ढगाआडचे, आणि त्यांत कसलाच कावा नव्हता, फक्त विचारणं होतं. एकोणचाळीस वर्षांत या बाईनं त्यांना पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

‘हाव,’ मनकर्णाबाई म्हणाल्या.

प्रतिमाताईंनी दोनदा मान हलवली. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन त्या उठल्या, शंतनूचा हात बाजूला सारला आणि भिंतीशी असलेल्या लोखंडी कपाटाकडे गेल्या. कमरेची किल्ली काढायला त्यांना वेळ लागला. कपाट उघडलं तशी डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला. त्या एकेक साडी काढून खाली ठेवू लागल्या, प्रत्येक घडीत हात घालून, चाचपून. पाहुण्या बायका उठायला लागल्या, येतो ताई, उशीर झाला, असं पुटपुटत. पुष्पाबाई जाताना मनकर्णाबाईंचा खांदा दाबून गेल्या. मनकर्णाबाई बसूनच होत्या. धाडला असताना, तिसऱ्या की चौथ्या वर्षी, एका उन्हाळ्याच्या दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी स्वतःची ट्रंक अशीच रिकामी केली होती. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही पुन्हा कधी आठवू दिलं नव्हतं. इतकी माणसं म्हणतात, तर पाहावं एकदा, चुकून असेल.

‘सापडली की देऊन टाकू शाळेला,’ प्रतिमाताई म्हणत होत्या. ‘मुलींची वस्तू आहे.’ साड्यांचा ढीग त्यांच्या पायांवर घसरला. त्या वळल्या. ‘मनकर्णा, खालच्या कप्प्यात बघतेस का जरा? माझ्यानं वाकवत नाही.’

मनकर्णाबाई उठल्या. गुडघ्यांवर बसल्या. खालचा कप्पा खोल होता, आत अंधार होता, जुन्या शालींचा आणि सतरंज्यांचा. त्यांनी हात घातला. बोटांना एक गोल, गार डबी लागली, ती त्यांनी बाहेर काढली. कुंकवाची होती.

‘तीच का?’

‘नाही.’

‘अजून आत असेल. बघ नीट.’

मनकर्णाबाईंनी पदर खोचला आणि हात कोपरापर्यंत आत घातला.